मणी भवन, गावदेवी: घाईने बघू नका

ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलात तर लॅबर्नम रोडवरचं हे दोन मजली घर पटकन सापडतं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे मुक्कामाला असायचे. घर त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. वर गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेत. मुलं सोबत असतील तर तिथे तुमचा बराच वेळ जाणार.

मी मात्र सगळ्यात जास्त थांबलो ते दुसऱ्या मजल्यावर, गांधीजींच्या खोलीपाशी. बैठक, चरखे, बस्स. आमच्या घरात गाद्या भरायचा धंदा, वडील स्वतः कापूस पिंजायचे, त्यामुळे चरखा दिसला की माझ्या मनात आधी पेळू येतो, म्हणजे सूत कातायला घेतात ती पिंजलेल्या कापसाची वळी. पिंजलेला कापूस नसेल तर चरखा काय कातणार? गांधीजींनाही इथे हीच अडचण आली होती. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय, की झवेरींच्या घरावरून रोज एक पिंजारी आपल्या पिंजायच्या धनुकलीची तात वाजवत जायचा. त्याला त्यांनी बोलावून घेतलं. तो गाद्यांचा कापूस पिंजणारा. पेळूंसाठी पिंजून द्यायला तयार झाला, पण दाम चढा सांगितला, आणि गांधीजींनी तो दिला. त्या पेळूंचं सूत पुढे श्रावणातल्या पवित्रा एकादशीच्या माळांसाठी वैष्णव मंडळींकडे गेलं.

त्या पिंजाऱ्याचं नाव आत्मकथेत नाही. पण खादीच्या सुरुवातीला त्याचा हात लागलाय आणि आपल्या कामाचं मोल त्याने मागून घेतलं, याचा मला फार अभिमान वाटतो. वडील असते तर त्यांना हात धरून इथे आणलं असतं.

बाकी घडामोडीही थोड्या नाहीत. रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीची सूत्रं १९१९ मध्ये या घरातून हलली. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे गांधीजींना अटक झाली तेव्हा ते याच घराच्या गच्चीवर तंबूत झोपलेले होते.

इथवर आलातच तर लगेच परतीची गाडी पकडू नका. चालत जाण्याच्या अंतरावर ऑगस्ट क्रांती मैदान आहे, म्हणजे जुनं गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ चा 'छोडो भारत' ठराव तिथला. त्याच्या शेजारीच गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेची जागा. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्यात व्हायचं होतं, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून २८ डिसेंबर १८८५ ला ७२ प्रतिनिधी इथे जमले. इथल्या तेजपाल नाट्यगृहात नाटकाला येणाऱ्यांनी तिसऱ्या घंटेआधी थोडा वेळ हाताशी ठेवून हा परिसर जरूर पाहावा. मैदानात सकाळी जा, आणि मणी भवनात निदान दीड तास तरी द्या.