कथाहक्क विकताना न वाचलेले नववे कलम

माझी पहिली कादंबरी नागपुरातील गोळीबार चौकाजवळच्या एका विणकर कुटुंबावर आहे. ती प्रकाशित होऊन चार महिने झाले असताना तिच्यावर चित्रपट काढण्याचे हक्क मागणारा मुंबईच्या एका गृहस्थांचा फोन आला, आणि आठवड्याभरात ते सीताबर्डीवरील एका हॉटेलात माझ्यासमोर बसले होते. त्यांनी पुस्तक खरोखर वाचलेले होते. मागाच्या खड्ड्यात पावसाचे पाणी शिरते तो प्रसंग त्यांनी जवळजवळ शब्दशः सांगितला, आणि त्यानंतर मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

करारनामा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, इंग्रजीत, अकरा पानांचा होता. "सर, हा ठरलेलाच मजकूर असतो," असे म्हणत ते पाने उलटत गेले आणि केवळ सहीच्या जागा दाखवत राहिले. २१,००० रुपयांचा धनादेश त्यांनी तेथेच दिला व तो वटलाही, त्यामुळे तीन आठवड्यांनी कथेच्या आणि चित्रपटाच्या नावाच्या नोंदणीसाठी त्यांनी ३८,००० रुपये मागितले तेव्हा मी ते यूपीआयने लगेच पाठवले. वास्तविक साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, आणि चित्रपटाचे नाव निर्माता आपल्या संघटनेकडे नोंदवतो. लेखकाचा त्या खर्चाशी संबंध नसतो. पैसे मिळाल्यावर त्यांचा फोन लागेनासा झाला.

पैसे बुडाले हे मी एव्हाना मान्य केले होते. परंतु दीड वर्षाने पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शिकेने याच कथेसाठी विचारणा केली, म्हणून सिव्हिल लाइन्समधील एका वकीलबाईंना मी करारनामा दाखवला, तेव्हा त्यांनी नवव्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढून तो परिच्छेद मला मराठीत समजावून सांगितला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९(४) नुसार, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही तर ते हस्तांतरण संपुष्टात आले असे धरले जाते. मात्र करारात वेगळे लिहिले असेल तर ही तरतूद लागू होत नाही. माझ्या करारात नेमके तेच वेगळे लिहिले होते. मुदत लिहिलीच नसती तर कायद्याने ती पाच वर्षांची मानली असती, पण तेथे "कॉपीराइटची संपूर्ण मुदत" असे शब्द होते, म्हणजे माझे आयुष्य आणि त्यानंतरची ६० वर्षे. चित्रपट, वेब मालिका, नाटक, सर्व भाषा, सगळे त्या एकाच वाक्यात गेले होते.

रीतसर व्यवहारात निर्माता आधी वर्ष-दीड वर्षासाठी थोडी रक्कम देऊन कथा राखून ठेवतो, ज्याला त्या क्षेत्रात ऑप्शन म्हणतात, आणि ठरलेल्या काळात पूर्ण मोबदला दिला नाही तर कथा लेखकाकडे परत येते. तुमच्यासमोर असा कागद आला तर तो घरी आणा, इंग्रजी येत असले तरी वकिलाकडून वाचून घ्या, आणि मुदत, भाषा व माध्यम स्वतंत्रपणे लिहिलेले आहे का हे पाहा. हे पाहण्यासाठी समोरच्याने दोन दिवस दिले नाहीत तर सही करू नका.

अटी लेखकावर जाचक असतील तर कॉपीराइट कायद्याच्याच कलम १९अ खाली दाद मागता येते, परंतु त्या कारणावरून हस्तांतरण रद्द करण्याचा आदेश करारापासून पाच वर्षांच्या आत देता येत नाही. आम्ही पाठवलेली नोटीस "पत्त्यावर राहत नाही" अशा शेऱ्यासह परत आली आहे. पुण्याच्या दिग्दर्शिकेने दुसरी कथा निवडली.