बॅटरीवाला मिनी ॲम्प: गिटारचं माहीत नाही, माशाला मात्र भारी (४ स्टार)

गिटार मला येत नाही हे आधीच सांगतो. हा खिशात मावणारा ९ व्होल्टचा ॲम्प घेतला तो घरच्या ब्लॅक घोस्ट नाइफफिशसाठी. ॲमेझॉन खोऱ्यातला मासा, रात्री फिरणारा, सेकंदाला साधारण १००० वेळा बारीकसा करंट सोडत असतो आणि त्यात कुठे काय बदललं ते कातडीवरच्या सेन्सरनी ओळखून अंधारात ब्लडवर्म, म्हणजे त्याच्या खाण्यातले बारीक किडे, शोधतो. हाताला काहीच जाणवत नाही, मग ऐकायचं कसं, तर जुनी ऑडिओ केबल कापली, दोन टोकं सोलून टँकच्या दोन बाजूंना सोडली, पिन ॲम्पमध्ये. आधी नुसतं घूंऽऽ, ते हीटर-फिल्टरचं ५० हर्ट्झ. ते बंद केले आणि जो बारीक सूर लागला, शप्पथ, अंगावर काटा.

खरी मजा मित्राने त्याचा घोस्ट आणला तेव्हा. पिशवी पाण्यावर तरंगत होती तोवर काही नाही, प्लास्टिकमधून करंट जाणार कसा. उघडली आणि तंबोरा लावताना दोन तारा जवळ आल्या की जसं वाँवऽ वाँवऽ होतं ना, डिट्टो तसं. थोड्या वेळात एक सूर आपोआप वर सरकला, खुंटी कोणी पिळली नव्हती! सूर जवळ आले की समोरचं नीट कळत नाही, म्हणून हे बाजूला होणं. वातानाबे आणि ताकेदा या संशोधकांनी १९६३ मध्येच याच्या भाऊबंदात, आयगेनमानियात, हे दाखवलंय.

आणि दुसऱ्याचा सूर वर की खाली हे ठरवायला आयगेनमानियाचा मेंदू ‘मी कुठला सूर लावलाय’ हे बघतच नाही. अंगावर ठिकठिकाणी मिसळलेला सिग्नल किती जोरात आला आणि कुठे आधी कुठे उशिरा, एवढ्याच तुलनेवर चालतं, तेही मायक्रोसेकंदाहून कमी फरक पकडून. वॉल्टर हायलिगेनबर्ग या संशोधकाने कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत ही सगळी वायरिंग कातडीपासून सूर ठरवणाऱ्या पेशींपर्यंत शोधत नेली. शिवाय शेपूट हलली की स्वतःमुळेच जो बदल होतो तो मागच्या मेंदूतल्या पहिल्याच थांब्यावर वजा होतो, नाहीतर पोहताना किडा सापडलाच नसता. माझ्या नॉइज कॅन्सलिंग हेडफोनला पंख्याचा आवाज धड जात नाही.

हां, ॲम्पबद्दल. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर करतं, बॅटरी भराभरा खातो, मागची क्लिप आठवड्यात तुटली, म्हणून एक स्टार कट. ॲडॉप्टर लावून पाण्यात वायर अजिबात टाकू नका, फक्त बॅटरीवर. तांबं माशांना विषारी, त्यामुळे मी आता टोकांना स्टीलचे चमचे बांधलेत (आईला अजून कळलेलं नाही).

दोन्ही घोस्टची तासाभरात जुंपली, मित्र त्याचा घेऊन गेला. आता ॲम्प मागतोय चार दिवस. स्वतःचा घे म्हटलं.