नाडीवाचनासाठी अंगठ्याचा ठसा: साधा स्टॅम्प पॅड पुरतो

नाडीवाचन म्हणजे जुन्या ताडपत्रांवर लिहिलेलं भविष्य वाचून सांगणं. तमिळनाडूतल्या वैदीश्वरन कोइल गावातली नाडी केंद्रं तुमच्या ताडपत्रांचा गठ्ठा शोधतात तो अंगठ्याच्या ठशावरून. पुरुषांचा उजवा, बायकांचा डावा. घरबसल्या ठसा घ्यायला ऑफिसातला काळा किंवा निळा स्टॅम्प पॅड उत्तम. फक्त नवा पॅड शाईने डबडबलेला असतो. थेट ठसा घेतला तर रेषांमधल्या खाचा भरतात आणि कागदावर नुसता डाग उमटतो. म्हणून आधी रद्दीवर दोनदा अंगठा टेकवा, तिसरा ठसा कोऱ्या, बिनरेघी कागदावर घ्या. अंगठा धुऊन पूर्ण कोरडा हवा, घामाने शाई पसरते. नखाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत हलक्या हाताने एकदाच फिरवायचा. मागे आणला की रेषा दुहेरी झाल्याच! मधला शंख किंवा चक्र सुटं दिसलं पाहिजे. असे तीन-चार ठसे घ्या.

स्कॅन ३०० डीपीआयवर. सेल्फी कॅमेरा टाळा, फोटो उलटा सेव्ह झाला तर शंखाची दिशाच बदलते. सोबत जन्मतारीख, आईवडिलांची नावं अजिबात कळवू नका; ती ताडपत्राच्या पट्टीतूनच यायला हवीत. आणि ठसा पाठवण्याआधी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.