स्लॅक, टीम्स की गूगल चॅट: ऑफिसच्या फायली कुणाकडे ठेवायच्या?

पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसात चॅटसाठी काहीतरी नीट घ्यायचं ठरलं, की चर्चा भलतीकडेच जाते. कुणाचं ॲप मोबाइलवर हलकं चालतं, व्हिडिओ कॉल कुठे पटकन लागतो, कुणाचा रंग डोळ्यांना बरा वाटतो. या गोष्टींची महिनाभरात सवय होऊन जाते. पुढची चार-पाच वर्षं त्रास देते ती वेगळीच गोष्ट: चॅटमध्ये टाकलेली वर्डची फाइल किंवा एक्सेलची शीट नेमकी कुठे जाऊन बसते, तिची मालकी कुणाकडे राहते आणि दोघांनी ती एकदम उघडली तर काय होतं. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि गूगल चॅट यांची या प्रश्नांची उत्तरं फार वेगळी आहेत. म्हणून हा आढावा फक्त फायलींपुरता.

आधी व्हॉट्सॲपचं बोलून घेऊ, कारण आपल्याकडे निम्म्या ऑफिसांचा कारभार त्यावरच चालतो. २ जीबीपर्यंतची फाइल जाते, पैसे पडत नाहीत, कुणाला शिकवावं लागत नाही. साइटवरचे फोटो, चलन, सही केलेल्या कागदाचं स्कॅन यांना ते पुरेसं आहे आणि तेवढ्यासाठी ते बंद करायचा अट्टहास धरू नये. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल म्हणजे प्रत प्रत्येकाच्या हातात. पाच जणांनी कोटेशनमध्ये दुरुस्त्या केल्या की पाच कोटेशनं तयार होतात, आणि ग्राहकाला त्यातलं कोणतं गेलं हे त्याचा फोन येईपर्यंत कळत नाही. शिवाय त्या प्रती ज्याच्या-त्याच्या खासगी फोनमध्ये. फोन बदलला, स्टोरेज भरलं म्हणून जुन्या फायली पुसल्या, की समोरच्याकडे पुन्हा मागत बसायचं.

टीम्स: ताकद मोठी, पण दोन दारं

टीम्स २०१७ मध्ये आलं तेच वर्ड-एक्सेलच्या शेजारी बसायला. त्यामुळे फायलींच्या बाबतीत तिघांत सगळ्यात ताकदवान तेच, आणि गोंधळात टाकणारंही तेच.

चॅनेलमध्ये, म्हणजे एका विषयाच्या सामायिक गटात, टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर (ही मायक्रोसॉफ्टची संस्थेच्या फायलींची जागा) जाते, चॅनेलच्या नावाच्या फोल्डरात. तीच फाइल एखाद्या सहकाऱ्याला थेट चॅटमध्ये पाठवली, तर ती पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या खात्यापुरत्या ऑनलाइन कपाटात, जाते आणि समोरच्याला फक्त उघडायची परवानगी मिळते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. फरक कळतो तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर. चॅनेलमधली फाइल जागच्या जागी असते. वनड्राइव्हमधली मात्र, त्याचं खातं काढून टाकलं की, ठरलेल्या मुदतीपुरतीच राखली जाते, आणि ॲडमिनने, म्हणजे ऑफिसची खाती सांभाळणाऱ्याने, हात लावला नसेल तर ही मुदत ३० दिवसांची असते. ती वाढवता येते, पण अशी मुदत असते हे आधी कुणाला तरी ठाऊक हवं ना! छोट्या ऑफिसात ॲडमिन म्हणजे बहुधा ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा अकाउंट्सचाच एखादा मुलगा. निवडक लोकांपुरतं प्रायव्हेट चॅनेल तयार केलं तर त्याची आणखी वेगळी शेअरपॉइंट साइट तयार होते, म्हणजे फाइल शोधायला तिसरी जागा.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, शिस्तीत आहे: कामाची फाइल चॅनेलमध्येच टाकायची, थेट चॅटमध्ये फक्त तिची लिंक द्यायची. हा एक नियम पाळणारं ऑफिस असेल, तर टीम्ससारखं दुसरं काही नाही. कारण इथे एक्सेल म्हणजे खरंखुरं एक्सेल. चौघांनी एकच शीट आपापल्या मशीनवरच्या एक्सेलमध्ये उघडली, तरी कोण कुठल्या सेलमध्ये आहे ते दिसतं, बदल आपोआप सेव्ह होतात, आणि कुणी फॉर्म्युला उडवला तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं. शेअरपॉइंट मुळातच एका फाइलच्या ५०० आवृत्त्या राखतं.

दोन अडथळे मात्र खरेदीआधीच तपासून घ्या. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलीत आणि उघडायलाच पासवर्ड लागतो अशा फायलीत एकत्र काम करता येत नाही, आणि आपल्याकडच्या हिशेबाच्या फायली नेमक्या याच दोन प्रकारच्या असतात. दुसरं म्हणजे मॅक्रो, फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, कामं आपोआप करणाऱ्या सूचना. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ते चालत नाहीत, त्यासाठी मशीनवरचं एक्सेल लागतं. म्हणजे फक्त वेबवर चालणारा स्वस्त प्लॅन घेऊन हिशेबनिसाच्या हाती दिला, तर तो दुसऱ्याच दिवशी परत आणून देईल. शिवाय मायक्रोसॉफ्टचे काही प्लॅन आता टीम्स वगळूनही विकले जातात, तेव्हा बिल भरण्याआधी नाव नीट वाचा.

गूगल चॅट: चॅट साधं, फाइल पक्की

चॅट म्हणून गूगल चॅट तिघांत सगळ्यात फिकं आहे. पण मुद्दा फायलींचा आहे, आणि तिथे त्याचा पाया जुना आहे. गूगल डॉक्स २००६ पासूनचं, आणि फाइल एकच असते, फिरते ती तिची लिंक, ही सवय त्यानेच लोकांना लावली. स्पेसमध्ये (गूगल चॅटमधला गट) डॉकची लिंक टाकली आणि सगळ्यांना ती उघडायची परवानगी नसेल, तर चॅट तिथेच विचारतं: यांना द्यायची का, फक्त बघायला की बदल करायलाही? एवढ्या एका प्रश्नाने ‘सर, ॲक्सेस द्या ना’ छापाचे निम्मे मेसेज वाचतात. डॉक चॅटच्या शेजारीच उघडून एकीकडे बोलणं आणि एकीकडे लिहिणंही होतं. सजेशन मोडमध्ये कनिष्ठाने केलेला बदल वरिष्ठाने मान्य करायचा की नाही, हे एका क्लिकचं काम. मसुदे लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे संस्थांचे अहवाल, प्रस्ताव, भाषांतरं, यापेक्षा सुटसुटीत काही मी पाहिलेलं नाही.

दोन दारं मात्र इथेही आहेत. ड्राइव्हमधून जोडलेली फाइल ही लिंक असते. कॉम्प्युटरवरून थेट चढवलेली फाइल मेसेजला चिकटलेली नुसती प्रत. तिला २०० एमबीची मर्यादा आहे आणि मुद्दाम ड्राइव्हमध्ये टाकल्याशिवाय ती तिथे जात नाही.

मालकीचं काय? ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल ज्याने तयार केली त्याची. तो गेला आणि ॲडमिनने खातं काढून टाकताना फायली दुसऱ्याच्या नावावर केल्या नाहीत, तर सुधारायला २० दिवस मिळतात. ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधली फाइल मात्र संस्थेचीच, माणूस आला-गेला तरी तिला धक्का लागत नाही. म्हणून वर्कस्पेसचा, म्हणजे गूगलच्या ऑफिससाठीच्या सशुल्क सेवेचा, प्लॅन निवडताना बाकी सगळ्याच्या आधी त्यात शेअर्ड ड्राइव्ह आहे का, ते विचारा. आणि ऑफिसचं काम कुणाच्या खासगी जीमेलवर चालू असेल, तर त्या फायलींवर तुमचा हक्क काहीच नाही, ॲडमिनही मदत करू शकत नाही.

एक्सेलची फाइल गूगल शीट्समध्ये उघडते, दुरुस्तही होते, पण एक्सेलचे मॅक्रो तिथे चालत नाहीत, आणि भरपूर सजवलेल्या वर्ड फाइलची मांडणी कधी कधी हलते. निविदेचे ठरावीक नमुने भरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्लॅक: बोलायला उत्तम, लिहायला पाहुण्याच्या घरी

स्लॅक २०१४ मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते घेतलं. चर्चेचे धागे, शोध, दुसऱ्या सॉफ्टवेअरांशी जोडणी यांत आजही बाकीचे दोघे त्याच्या मागेच आहेत. पण स्लॅककडे स्वतःचं वर्ड नाही, एक्सेलही नाही. तिथे चढवलेली फाइल बघता येते, तिच्याखाली बोलता येतं. बदल करायचा तर उतरवून घ्या आणि पुन्हा चढवा, म्हणजे व्हॉट्सॲपचीच कथा जरा नीटनेटक्या कपड्यांत. म्हणून स्लॅक वापरणारे बहुतेक जण शेजारी गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह जोडून घेतात. जोडणी छान चालते, पण बिलं दोन येतात.

२०२३ पासून स्लॅकमध्ये ‘कॅनव्हास’ आहे. प्रत्येक चॅनेलला एक पान मिळतं आणि त्यावर सगळे मिळून लिहू शकतात. बैठकीचे मुद्दे, कामाची यादी, नव्या माणसाला द्यायची माहिती यासाठी ते फार सोयीचं आहे. करारनामा त्यात लिहायला जाऊ नका.

एक गोष्ट स्लॅकच्या बाजूची: सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद केलं, तरी त्याने चढवलेल्या फायली चॅनेलमध्ये राहतात. पण हे पैसे भरणाऱ्यांचं सुख. फुकटच्या प्लॅनमध्ये फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज आणि फायली दिसतात आणि वर्षापेक्षा जुनं सगळं पुसलंच जातं. मार्चमध्ये पाठवलेली बिलं सप्टेंबरमध्ये ऑडिटच्या वेळी शोधणाऱ्या ऑफिसाने फुकटच्या स्लॅकवर अजिबात विसंबू नये.

चेन्नईच्या झोहोचं नावही आता बरेचदा निघतं. क्लिक हे त्यांचं चॅट, वर्कड्राइव्ह ही फायलींची जागा, आणि टीम फोल्डरातली फाइल टीमचीच राहते, म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे. हिशेबासाठी आधीच झोहो वापरत असाल तर जरूर बघा. नाहीतर बाहेरच्या लोकांशी रोज वर्ड-एक्सेलचीच देवाणघेवाण असताना आणखी एक लेखणी हातात घेण्याचं कारण मला दिसत नाही.

मराठी मजकूर असेल तर

हा भाग विक्रेते कधी बोलत नाहीत. ऑफिसात जुन्या मराठी फायली असतील, तर त्या बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटात असतात. त्यांत आत साठलेली असतात रोमन चिन्हं. फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. गूगल डॉक्समध्ये आपला फाँट चढवता येत नाही, त्यामुळे तिथे अशी फाइल उघडली की ओळीच्या ओळी अगम्य चिन्हांच्या. टीम्समध्ये निदान ‘डेस्कटॉप ॲपमध्ये उघडा’ म्हणता येतं, आणि प्रत्येक मशीनवर तो फाँट असेल तर काम चालतं. पण शोधात ‘ठराव’ टाकलात तर अशा फायलीतला ‘ठराव’ कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडणार नाही, कारण आत तो शब्दच नाही. रोजच्या वापरातल्या फायली तरी आधी युनिकोडमध्ये (यात खरी देवनागरी अक्षरंच साठतात) आणा, मग चॅट निवडा.

युनिकोडमध्ये असाल तर गूगल डॉक्स सुखाचं आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू हे फाँट तिथे मिळतात, आणि मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी. फक्त असं डॉक वर्डमध्ये उतरवून दुसऱ्याला पाठवलं आणि त्याच्याकडे तो फाँट नसला, तर वर्ड आपल्या मनाने दुसरा लावतं, पानं पुढेमागे सरकतात. बाहेर पाठवायचं ते पीडीएफच.

माझा कौल असा. करसल्लागार, हिशेबनीस, निविदा भरणारे कंत्राटदार: टीम्स, चॅनेलच्या नियमासकट. सामाजिक संस्था, प्रकाशनं, लिखाणाचं काम करणारी ऑफिसं, आणि ज्यांच्याकडे संगणकाचं बघणारा वेगळा माणूसच नाही असे सगळे: गूगल, शेअर्ड ड्राइव्ह असलेला प्लॅन. सॉफ्टवेअरवाले आणि दिवसभर बाहेरच्या कंपन्यांबरोबर काम करणारे: स्लॅक, शेजारी ड्राइव्ह, आणि दोन बिलांची तयारी.

तरीही ठरत नसेल, तर चाचणीच्या काळात एक परीक्षा घ्या. एक तात्पुरतं खातं उघडा. त्यावरून एक फाइल चॅनेलमध्ये आणि एक थेट चॅटमध्ये पाठवा, दुसऱ्या दोघांना एकदम त्यात बदल करायला सांगा. मग ते तात्पुरतं खातं काढून टाका, वर सांगितलेल्या मुदती उलटू द्या, आणि दोन्ही फायली कोण उघडू शकतं ते बघा. चाचणी एकाच महिन्याची असेल तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं.