ग्रानादाहून बसने चार ट्रेक: कोणी कुठे जावं?

स्पेनमधल्या ग्रानादा शहरात अल्हाम्ब्रा हा राजवाडा-किल्ला बघून झाला आहे, हातात एक-दोन दिवस आहेत आणि गाडी भाड्याने घ्यायची नाही. अशा वेळी ग्रानादाहून सिएरा नेवादा या डोंगररांगेतल्या चार वाटा हाताशी असतात: मोनाचीलची काओरोस घळ, ग्वेखार सिएरा गावावरून जाणारी वेरेदा दे ला एस्त्रेया, वेलेता शिखर आणि आल्पुखारा या डोंगराळ भागातलं पोकेइरा खोरं. चारही ठिकाणी सार्वजनिक बस जाते, पण कुठे ती वाटेच्या तोंडाशी सोडते, तर कुठे पाचेक किलोमीटर अलीकडेच थांबते. कुठे दिवसभर फेऱ्या आहेत, कुठे मोजून तीन. त्यामुळे चढ किती हा प्रश्न नंतरचा, परतीची शेवटची बस किती वाजता हा पहिला.

वेळापत्रक वाचताना दोन शब्द ओळखता यायला हवेत. ‘लाबोराब्लेस’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, ‘फेस्तिवोस’ म्हणजे सुट्टीचे दिवस. घोटाळा होतो तो आठवड्याच्या मध्ये सुट्टी आली की. २ जानेवारीला ग्रानादा शहराची, २८ फेब्रुवारीला आंदालुसियाची (ग्रानादा ज्या प्रांतात आहे त्याची), तर १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ६ आणि ८ डिसेंबरला देशभर सुट्टी असते. त्या दिवशी मंगळवार असला तरी बस रविवारच्या वेळापत्रकाने धावते आणि आपण लाबोराब्लेसचा रकाना बघून थांब्यावर उभे असतो.

अर्धाच दिवस असेल तर: काओरोस

शहरातल्या पासेओ देल सालोनवरून मोनाचीलची बस मिळते, अर्ध्या तासात गावात पोचवते. फेऱ्या भरपूर असल्यामुळे एक चुकली तर दुसरी आहे, हा निवांतपणा बाकीच्या तीन वाटांवर मिळत नाही. गावातून घळीच्या तोंडापर्यंत चालतच जायचं. पूर्ण फेरी साधारण ८ किलोमीटरची, थांबत-थांबत तीन ते चार तासांची.

घळीत लाकडी फळ्यांचे झुलते पूल आहेत. सगळ्यात लांब पूल ६३ मीटरचा. एका वेळी मोजक्याच माणसांनी जायचं असतं, त्यामुळे रविवारी दुपारी इथे रांग लागते. सकाळी दहाच्या आत पूल ओलांडला की पुढची वाट जवळपास मोकळी मिळते.

खरी मजा पुलाच्या पुढे आहे. कातळ वाटेवर इतका झुकलेला आहे की काही ठिकाणी उकिडवं बसून बदकासारखं सरकावं लागतं. एका हाताने कातळात ठोकलेली लोखंडी कडी धरायची, खाली नदी. पाठीवरची मोठी सॅक इथे हमखास कातळाला अडते आणि माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. म्हणून सॅक लहान घ्यावी, किंवा तेवढ्या पट्ट्यात पुढे छातीवर अडकवावी. गुडघेदुखी असलेल्यांना हा पट्टा नकोसा होतो. लहान मुलं मात्र ताठ उभी राहून निघून जातात. पाऊस पडून गेल्यावर हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला दगड फार घसरतो, तेव्हा जाऊ नये.

वाट सगळ्यात देखणी, बस सगळ्यात अडचणीची: एस्त्रेया

एकच वाट चालायची आणि दिवसभर चालायची तयारी असेल, तर ही निवडावी. १९व्या शतकाच्या अखेरीस खाणींसाठी काढलेली ही वाट खेनील नदीच्या खोऱ्यातून आत शिरते. मुलासेन, अल्कासाबा आणि वेलेता या तिन्ही शिखरांचे उत्तरेकडचे काळे कडे इथून समोर दिसतात. शहरातून दिसणारी सिएरा नेवादा गोलसर, शांत वाटते. तिची ही बाजू बघितली की तोच डोंगर आहे हे पटत नाही.

अडचण अशी, की बस ग्वेखार सिएरा गावापर्यंतच येते आणि वाट सुरू होते बार्रान्को दे सान हुआनला, पाचेक किलोमीटर पुढे. मधला रस्ता जुन्या ट्रामच्या मार्गावरून जातो. ग्रानादाहून डोंगरात येणारी ही ट्राम १९२५ ते १९७४ चालली. तिचे अरुंद बोगदे आता गाड्यांच्या वाट्याला आले आहेत. चालत जाताना बोगद्यात डोक्याला टॉर्च लावावा, अंगात उजळ रंगाचं काहीतरी असावं, आणि समोरून गाडीचा दिवा दिसला तर ती जाईपर्यंत आत शिरू नये.

म्हणजे मुख्य वाट सुरू होण्याआधीच सव्वा तास गेला, परतताना तेवढाच. वाटेवर पहिला अर्धा-पाऊण तास खडा चढ आहे. मग ‘एल अबुएलो’, म्हणजे आजोबा, या नावाचं जुनं चेस्टनटचं झाड येतं. त्यानंतर वाट बऱ्यापैकी सपाटीने डोंगराच्या कुशीतून जाते. शेवटच्या क्वेवा सेक्रेता या गुहेपर्यंत जाऊन-येऊन १८ किलोमीटरच्या वर चाल होते. त्यात बसपासूनचे दहा मिळवले तर हिवाळ्याच्या लहान दिवसात हिशेब जमत नाही. बसने येणाऱ्याने घड्याळ लावून चालावं: परतीच्या बसच्या आधीचा जो वेळ हातात आहे त्याचा निम्मा संपला की, कुठेही असो, मागे वळायचं. कडे दिसायला शेवटपर्यंत जावं लागत नाही, त्यामुळे अर्ध्यातून परतणाराही रिकाम्या हाताने येत नाही. रविवारी फेऱ्या कमी असतात, मधल्या वारी जावं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं पिवळी पडतात, तो काळ सर्वोत्तम. पावसानंतर मात्र वाटेवर दरड आलेली असू शकते.

उंची हवी असेल, आणि उन्हाळा असेल तरच: वेलेता

वेलेता सुमारे ३,३९६ मीटर. उन्हाळ्यात सकाळची बस ओया दे ला मोरापर्यंत, म्हणजे २,५०० मीटरवर सोडते आणि दुपारनंतर परत आणते. तिथून शिखर सुमारे ९०० मीटरचा चढ. जुन्या डांबरी रस्त्याची वळणं कापत जाणारी वाट आहे, चुकायला जागा नाही. त्याच काळात ओया दे ला मोराहून राष्ट्रीय उद्यानाची मिनीबसही वर जाते. ती ३,१०० मीटरच्या आसपास सोडते, पण जागा आधी राखून ठेवावी लागते आणि बर्फ किती राहिला आहे त्यावर ती कधी सुरू होणार ते ठरतं.

सह्याद्रीत पाय घट्ट झालेल्या माणसाला ९०० मीटर चढ नवा नाही. नवी आहे ती हवा. कळसूबाईचं टोक १,६४६ मीटरवर आहे, इथे बसमधून उतरतानाच आपण त्याच्या कितीतरी वर असतो. ७०० मीटरवरच्या शहरातून तासाभरात इथे आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नेहमीच्या वेगाने चाललं की डोकं ठणकायला लागतं. मुद्दाम सावकाश निघावं. शहरात ३५ अंश असताना वर वाऱ्यात दात वाजतात. दुपारी ढग जमून वीज कडाडू शकते, आणि उघड्या माथ्यावर आडोसा नाही. बाराच्या आत शिखर गाठून उतरायला लागावं.

हिवाळ्यात हा विचार सोडूनच द्यावा. बस खाली प्रादोयानो या स्कीइंगच्या वस्तीपर्यंत, २,१०० मीटरवर थांबते. वरचा बर्फ रात्री गोठून काचेसारखा होतो आणि त्यावर बूट धरत नाहीत. क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) आणि बर्फाची कुऱ्हाड वापरता येत नसेल त्याने तिकडे जाऊच नये. दरवर्षीचे अपघात याच निसटत्या बर्फावर होतात.

रात्रभर राहता येत असेल तर: पोकेइरा

ग्रानादाच्या मुख्य बसस्थानकावरून आल्पुखाराची बस दिवसातून साधारण तीनदा सुटते. पाम्पानेइरापर्यंत दोन तास, भाडं सहा-सात युरोंच्या घरात. ओर्हिवा गाव सुटलं की वळणं सुरू होतात. गाडी लागत असेल तर पुढची जागा घ्यावी आणि नाश्ता हलका ठेवावा.

एकाच दरीच्या उतारावर तीन गावं एकावर एक बसली आहेत: पाम्पानेइरा सुमारे १,०६० मीटरवर, बुबिओन १,३०० आणि कापिलेइरा १,४३६. बस तिन्ही गावांत थांबते. ही सोय फार मोलाची आहे, कारण चढ की उतार ते आपण ठरवायचं. तरुण मंडळींनी खालून वर चढावं, दीड-दोन तास लागतात. आई-वडील सोबत असतील तर सरळ कापिलेइराला उतरावं आणि गावागावांतून खाली यावं. उताराला काठी हवी, काही ठिकाणी पायाखालचे गोटे सुटे आहेत.

घरांची छपरं सपाट आहेत. चेस्टनटच्या तुळया, त्यावर पाटीचे दगड आणि वर ‘लाउना’ नावाची करडी-निळसर माती. ही माती भिजली की दाबली जाते आणि पाणी खाली उतरू देत नाही. मराठवाड्यातलं माळवदाचं घर आतून बघितलेल्या माणसाला हे छप्पर समजावून सांगावं लागत नाही.

कापिलेइराहून दरीत उतरून, नदी ओलांडून, ला सेबादियापर्यंत जाऊन परत येणारी फेरी चारेक तासांची. ला सेबादिया ही वीजकेंद्राच्या कामगारांची जुनी वस्ती, आता ओस पडलेली. वाटेत जागोजागी ‘आसेकिया’ भेटतात. आसेकिया म्हणजे आपला पाट. मुस्लिम राजवटीपासून चालत आलेले हे पाट फक्त शेतापर्यंत पाणी नेत नाहीत. बर्फ वितळतो तेव्हा काही पाटांचं पाणी मुद्दाम वरच्या सच्छिद्र उतारावर सोडून देतात. ते जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यात खालच्या गावांच्या झऱ्यांतून बाहेर येतं. पाटाला खळखळतं पाणी दिसलं तरी ते पिऊ नये, वर गुरं चरत असतात. बाटली गावातल्या कारंज्यावर भरावी. ‘नो पोताब्ले’, म्हणजे पिण्यायोग्य नाही, असं लिहिलं असेल तिथे नाही.

एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण पहिली बस पकडली तरी पाच-सहा तासच मिळतात आणि चार तास बसमध्ये जातात. एक रात्र कापिलेइरात काढली तर पहिल्या दिवशी गावं, दुसऱ्या सकाळी दरीची फेरी असं नीट बसतं. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात, दुसऱ्या दिवशीचं खाणं आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवावं.

रविवारी संध्याकाळची परतीची बस वरच्या गावांतूनच भरून येते, म्हणून परतीचं तिकीट जातानाच काढावं. थांब्यावर वेळेच्या दहा मिनिटं आधी, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहावं आणि बस वळणावर दिसली की हात दाखवावा.