एएसी ब्लॉकच्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही आणि पुढे येणारा ब्रॅकेट: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आधी सामान सांगतो. टीव्ही ५५ इंची एलईडी, स्टँड काढून वजन १६ किलो. ब्रॅकेट दोन हातांचा फुल मोशन, बंद असताना भिंतीपासून ७ सेंमी आणि पूर्ण ओढला की ४५ सेंमी. घर वाकडच्या एका नव्या सोसायटीत, भिंत १५० मिमी एएसी ब्लॉकची (हवेची छिद्रं असलेला हलका, मऊ काँक्रीटचा ब्लॉक), वर जिप्समचा गिलावा. मार्चमध्ये बसवला. उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि दिवाळीची साफसफाई झाल्यावर हे लिहितोय. ब्रॅकेटचं काम समाधानकारक आहे, पण तो जागचा हलला नाही याचं श्रेय त्याच्यामागे लावलेल्या प्लायला. ज्यांना टीव्ही रोज वळवायचा नाही, त्यांनी हा प्रकार घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण खाली येईलच.

ब्रॅकेट निवडण्याआधी भिंत ओळखा. पुण्यात दहा घरांत चार तऱ्हेच्या भिंती सापडतात. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीच्या जुन्या इमारतींत भाजलेली लाल वीट आणि सिमेंटचा गिलावा. वाकड, बाणेर, खराडीकडे बहुतेक एएसी ब्लॉक, ज्याला गवंडी सरसकट सिपोरेक्स म्हणतात. काही टॉवर मायवान पद्धतीचे, म्हणजे भिंतसुद्धा सळईसकट ओतलेलं काँक्रीट. आणि पेठांतल्या वाड्यांत मातीच्या जाड भिंती. तिथे टीव्ही टेबलावरच ठेवावा, भिंतीच्या वाटेला जाऊ नये.

ओळखायची सोपी रीत म्हणजे टीव्हीच्या मागे झाकली जाईल अशा जागी ड्रिलने ५ मिमीचं एक भोक पाडायचं, ड्रिलचा ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवून, आणि खाली पांढरा कागद धरायचा. पहिला १०-१२ मिमी गिलाव्याचा भुगा पडतो, जिप्समचा असेल तर पांढरा, पिठासारखा. त्यानंतर लाल भुगा आला तर वीट. करडा, बारीक भुगा येऊन बिट पुढे सरकायलाच तयार नसेल तर काँक्रीट. आणि फिकट राखाडी, जाडसर, रव्यासारखा भुगा पडत बिट जवळजवळ विनासायास आत गेलं, तर एएसी ब्लॉक. हा शेवटचा प्रकार असेल तर टीव्हीसोबत फुकट येणारा माणूस जे दोन-चार रावळ प्लग ठोकून जातो, त्यावर पुढे येणारा ब्रॅकेट टांगू देऊ नका.

का, ते आकड्यांत बघा. टीव्ही १६ किलो, ब्रॅकेटचा पुढचा भाग साधारण ३ किलो, मिळून १९. हात ४५ सेंमी पुढे आला की भिंतीवर १९ गुणिले ४५, म्हणजे ८५५ किलो-सेंमीचा पीळ बसतो. ब्रॅकेटच्या भिंतीकडच्या पट्टीची उंची असते जेमतेम १९-२० सेंमी. म्हणजे वरच्या बोल्टांना बाहेर उपटणारी ओढ ४५ किलोच्या आसपास जाते. हात मिटलेला असताना हीच ओढ ७ किलोच असते. फिक्स ब्रॅकेटमध्ये टीव्ही भिंतीला चिकटून असल्यामुळे ती आणखी कमी. त्यात एखाद्या लहान मुलाने कडेला धरून १० किलोचा भार टाकला की वरच्या बोल्टांवर आणखी २४ किलोची भर पडते. एम २५ दर्जाच्या काँक्रीटची दाब सोसायची ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिमी, तर एएसी ब्लॉकची ३ ते ४. प्लगच्या पाकिटावर ठळक छापलेला भार बहुधा काँक्रीटमधला असतो. ब्लॉकसाठीचा आकडा वेगळा आणि बराच लहान असतो, तो शोधून वाचा.

लोखंडी अँकर फास्टनर ब्लॉकमध्ये मुळीच चालत नाही. तो फुगून पकड घेतो आणि मऊ ब्लॉक त्या फुगण्याने आतल्या आत चुरतो. घट्ट होतोय असं वाटत असताना बोल्ट अचानक नुसता फिरायला लागला, की समजायचं भोक वाया गेलं.

यावर उपाय म्हणजे भार पसरवणे. आयएस ७१० शिक्का असलेला, १९ मिमी जाडीचा मरीन प्लाय, ७५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच. ५५ इंची पडदा १२२ सेंमी रुंद आणि ६८ सेंमी उंच असतो, त्यामुळे समोरून प्लाय दिसत नाही. पीळ तोच, पण आता वरची रांग आणि खालची कड यांत ५० सेंमीहून जास्त अंतर आहे, म्हणून वरच्या रांगेवरची एकूण ओढ १७ किलोवर येते आणि ती चार प्लगांत वाटली जाते. एकेका प्लगच्या वाट्याला चार-पाच किलो. सगळ्या कामातला खरा फायदा इथे आहे, बाकी सगळं सुतारकाम.

ब्रॅकेट प्लायला आधी जोडायचा, प्लाय भिंतीवर गेल्यावर नाही. मागच्या बाजूने काउंटरसंक डोक्याचे (डोकं प्लायच्या पातळीत बसणारे) एम ८ बोल्ट, पुढून मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा). ब्रॅकेटच्या पट्टीला सहा भोकं असतील तर सहाही वापरा. सोबत आलेले लॅग स्क्रू प्लायमध्ये पिळून काम भागवू नका. हात रोज पुढेमागे झाला की स्क्रूची पकड हळूहळू सैल होते, आरपार बोल्टची होत नाही. प्लायच्या कडांना आणि मागच्या बाजूला ऑइल पेंटचा एक हात द्या. समोरच्या बाजूला भिंतीचाच रंग दिला की टीव्ही पुढे ओढल्यावरही डोळ्यांना खटकत नाही.

भिंतीत प्लायसाठी १० × १०० मिमीचे लांब नायलॉन फ्रेम प्लग, एकूण आठ: वर चार, मध्ये दोन, खाली दोन. १०० मिमीतले १९ प्लायमध्ये जातात, १२ जिप्सममध्ये, उरलेले ६९ ब्लॉकमध्ये. गिलाव्यातली लांबी पकडीत धरायची नसते, म्हणून आखूड प्लग कामाचा नाही. ड्रिल प्लायच्या तोंडापासून ११० मिमी खोल, बिटवर टेप गुंडाळून खूण करून. घरातल्या आतल्या भिंती कित्येकदा १०० मिमीच्याच असतात; तिथे ही खूण काटेकोर पाळली नाही तर बिट पलीकडच्या खोलीत निघतं. हॅमर मोड बंदच. हॅमर चालू ठेवला की १० चं भोक आत जाऊन १२-१३ चं होतं आणि प्लग हातानेच बाहेर येतो. ब्लॉक फारच मऊ लागला तर ९ चं बिट वापरा आणि प्लग हातोडीने हलकेच ठोकत बसवा. प्रत्येक भोक सायकलच्या पंपाने फुंकून साफ करा. आत भुगा राहिला की प्लग पूर्ण जात नाही. हे प्लग, बोल्ट, नायलॉक नट रविवार पेठेत बोहरी आळीत सुटे मिळतात, आणि दुकानदाराला भिंत कसली आहे ते सांगितलं तर तो योग्य माल काढून देतो.

विटेच्या भिंतीला इतका खटाटोप लागत नाही. १० चा चांगला नायलॉन प्लग आणि ८ × ७० चा लॅग स्क्रू पुरतो, फक्त भोक विटेत पडलं पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात नाही. लाल भुगा मध्येच करडा, वाळूसारखा झाला तर सांधा लागला. दोन-तीन सेंमी वर-खाली सरका. मायवानच्या भिंतीत अँकर फास्टनर उत्तम धरतो, पण सळई लागली की तिथे जोर लावत बसू नका, जागा बदला.

ड्रिल सुरू करण्याआधी पलीकडे काय आहे ते बघून या. नव्या फ्लॅटमध्ये हॉलच्या टीव्हीच्या भिंतीमागे बेडरूमचं बाथरूम असणं अगदी नेहमीचं. तिथला नळ, शॉवर आणि गिझरचे पॉइंट कुठे आहेत त्यावरून पाण्याचे पाइप कुठून गेलेत याचा अंदाज येतो. विजेचे पाइप स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवे जातात. बोर्डाच्या उभ्या आणि आडव्या रेषेत १५ सेंमीचा पट्टा मोकळा सोडा. ताबा घेतल्यानंतर लगेच, गिलावा होण्याआधीचे फोटो बिल्डरकडे मागून पाहा. काही साइट इंजिनिअर ते जपून ठेवतात. काम करताना त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या.

उंचीबद्दल लोक सर्वात जास्त गडबड करतात. हॉटेलच्या लॉबीत टीव्ही वर असतो कारण तिथे माणसं उभी असतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते १०५ सेंमीवर असतात, म्हणून पडद्याचा मध्य १०५ ते ११० वर हवा. ५५ इंची टीव्हीची खालची कड मग साधारण ७२ सेंमीवर येते. भोकांची उंची काढताना टीव्हीचा मध्य आणि मागच्या चार वेसा भोकांचा (ब्रॅकेट जोडायची ठरावीक भोकं) मध्य एकच आहे असं धरू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये भोकं मध्याच्या खाली असतात. टीव्ही पालथा ठेवून खालच्या कडेपासून वरच्या भोकांपर्यंत मोजा. ते अंतर ३८ सेंमी असेल तर वरची भोकं जमिनीपासून ११० वर यायला हवीत, आणि तिथून ब्रॅकेटच्या पट्टीची जागा काढायची. पालथा ठेवताना खाली सपाट गादी हवी, आणि पडद्याच्या मध्यावर तळहाताचा भारही टाकू नका.

या आकाराच्या टीव्हीला बहुधा एम ६ किंवा एम ८ स्क्रू लागतो. लांबी तपासायची रीत अशी: ब्रॅकेट न लावता स्क्रू हाताने सावकाश आत फिरवायचा, तळाला टेकला की किती मिमी आत गेला ते बघायचं. ब्रॅकेटची पट्टी आणि स्पेसर धरूनही किमान ८ मिमी आटे पकडले पाहिजेत, पण स्क्रू तळाला टेकता कामा नये. जास्त लांब स्क्रू आतल्या बोर्डाला किंवा पॅनलला भिडतो. इथे ड्रिल मशीन नको, साधा पेचकस बरा. टीव्ही टांगायला दोन माणसं हवीत, आणि तिसरं कोणी फक्त वायरी सांभाळायला असेल तर आणखी सोपं.

आता वापरातलं. पहिल्या आठवड्यातच प्लायचे स्क्रू पुन्हा तपासावे लागतात. जिप्सम मऊ असतो, प्लायच्या दाबाने तो किंचित बसतो आणि वरचे स्क्रू पाव वळसा सैल होतात. एकदा कसले की नंतर तो प्रकार झाला नाही. दुसरी गोष्ट, टीव्ही एका बाजूला झुकतो. हात पूर्ण बाहेर काढून वळवून ठेवला की सांध्यांतली सूक्ष्म ढिलाई एकत्र होते आणि १२२ सेंमीच्या कडेला ती ५-६ मिमी दिसते. ब्रॅकेटच्या पुढच्या पट्टीवर पातळी सुधारण्याचे दोन छोटे स्क्रू असतात. हे स्क्रू नसलेला ब्रॅकेट विकत घेऊ नका. पातळी टीव्ही टांगल्यावर, त्याच्या वरच्या कडेवर बघायची, रिकाम्या ब्रॅकेटवर नाही.

सांध्यांत नायलॉनचे वॉशर असतात. उन्हाळ्यानंतर हात वळवताना करकर ऐकू येऊ लागली. सांध्याचा नट एल-कीने आठवा हिस्सा सैल करून सिलिकॉन ग्रीसचा एक थेंब दिल्यावर ती थांबली. तेल टाकू नका, त्याने भिंतीवर ओघळ येतात आणि धूळ चिकटते. पावसाळ्यात किटमधल्या काळ्या स्क्रूंवर तांबूस गंज चढला, ते स्टेनलेसचे घालून टाकले. भिंत बाहेरची आणि नैर्ऋत्येकडची असेल तर पुण्यातला पाऊस नेमका तिच्यावर बडवतो. जिप्सम ओला झाला की भुसभुशीत होतो आणि पोपडे येतात. अशा भिंतीवर आधी बाहेरून ओलीचा बंदोबस्त, मग टीव्ही.

वायरींचा विचार आधीच करून ठेवा. हात पुढे आला की वायरही ४० सेंमी जास्त लागते, त्यामुळे दोन्ही कोपरांशी एकेक ढिला वळसा ठेवून वेल्क्रो पट्टीने बांधायची. प्लास्टिक टाय घट्ट आवळला तर पहिल्यांदा ओढताना एचडीएमआयचा पोर्टच खेचला जातो. भिंतीत पाइप टाकणार असाल तर २५ मिमीचा पाइप कामाचा नाही, त्यातून एचडीएमआयचं टोक जात नाही. ५० मिमीचा टाका, मोठ्या वळणांचा.

हात किती उपयोगी पडला? संध्याकाळी पश्चिमेच्या बाल्कनीतून ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा पंधरा अंश वळवलं की चित्र दिसायला लागतं. डायनिंग टेबलाकडे वळवता येतो, मागची धूळ पुसता येते, सेट-टॉप बॉक्सची वायर बदलायला टीव्ही उतरवावा लागत नाही. ही कारणं तुमच्या घरात नसतील तर फिक्स किंवा नुसता खाली वाकणारा ब्रॅकेट घ्या. स्वस्त पडतो, भिंतीवर ताण नगण्य. फक्त त्यात भिंत आणि टीव्ही यांत २५-३० मिमीच जागा असते आणि आपला तीन पिनी प्लग त्याहून जास्त बाहेर येतो. सॉकेट ब्रॅकेटच्या बरोबर मागे असेल तर टीव्ही बसतच नाही, सॉकेटच कडेला किंवा खाली हलवून घ्यावं लागतं.

घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा, कारण प्लाय काढल्यावर आठ भोकं उरतात. नायलॉन प्लग उपटू नका, ब्लॉकचा तुकडा सोबत येतो. स्क्रू काढून प्लगची कॉलर कटरने कापा आणि उरलेला भाग ५ मिमी आत ठोका. भोकात पाणी शिंपडून जिप्सम दोन थरांत भरा, वाळल्यावर १८० नंबरच्या कागदाने घासा. रंग मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला द्यावा लागेल, नाहीतर आठ ठिपके लांबूनही दिसतात.