रोपं लावायची की पाण्याची वाट मोकळी करायची?

खाडीतली मासळी परत यावी म्हणून मुंबईत दोन उपाय सुचवले जातात. एक, तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावा. दुसरा, भराव नि डेब्रिजने बुजलेले खाडीचे फाटे मोकळे करा.

रोपं लावणं सोपं, फोटोही छान येतात. तिवराच्या श्वासमुळांच्या आडोशाला कोळंबी, चिंबोऱ्या, बोयट माशाची पिल्लं वाढतात, हे खरंच. पण लावायची कुठे? ओहोटीला भांडुपच्या बाजूने खाडीकडे बघा: निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, गालफडात पाणी धरून चिखलावर टुणटुणत असतात, चाहूल लागली की बिळात गडप. फ्लेमिंगोही तिथेच चरतात. ही काही ओसाड जागा नव्हे. तिथे रांगेत रोपं खोचली तर एकाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधल्यासारखं होतं. शिवाय रोज फार वेळ पाण्याखाली राहिलेलं रोप तगत नाही.

फाटा मोकळा करणं किचकट. जागेचे वाद, परवानग्या, डंपर. पण एकदा रस्त्याखालची पाणी जाण्याची मोरी रुंद झाली की भरती दिवसातून दोनदा फुकट काम करते. खारं पाणी, मासळीची पिल्लं, तिवराचं बी, सगळं तीच आणते. बी आपल्याला सोसेल त्या उंचीवर रुजतं.

माझं मत दुसऱ्या उपायाला. रोपं फक्त तिथे लावावीत, जिथे तोड झालीय आणि बी पोचत नाही. मिठी नदीत मात्र सांडपाणी थांबेपर्यंत दोन्ही उपाय लंगडेच. पाण्यात प्राणवायूच नसेल तर बोयटं येऊन करणार काय?